दोन हातांवरचा चेंडू

अप्पा कुणाला काही आयतं देत नसत. कंजूष होते अशातला भाग नाही. ख्रिसमसला त्यांच्याकडून केक यायचा, आमच्या केतकीच्या वाढदिवसाला पुस्तक यायचं. पण एखादा माणूस काही करायला धडपडत असला आणि ते त्याच्या हातून होण्याच्या अगदी बेतात असलं, की अप्पा पाठीमागे हात बांधून नुसते बघत उभे राहत. बरणीचं झाकण निघत नसलं तर 'द्या इकडे' म्हणायचे नाहीत. मला एखादा इंग्रजी शब्द ऐनवेळी आठवेना झाला आणि त्यांना तो ठाऊक असला, तरी सांगायचे नाहीत. मला सापडेपर्यंत वाट बघायचे. आम्ही लंडनजवळ मेडनहेडला नवे राहायला आलो तेव्हा मला वाटलं, हा इंग्रजी शिष्टपणा. बरेच दिवस मी मनातल्या मनात त्यांच्यावर धुसफुसत होते.

अप्पा म्हणजे आमचे शेजारी. अस्सल इंग्रज, ऐंशीला टेकलेले, लग्न न केलेले. खरं नाव वेगळंच, भारदस्त होतं. 'अप्पा' हे माझ्या आईनं ठेवलेलं. ती पहिल्यांदा पुण्याहून उन्हाळ्यात आमच्याकडे आली आणि कुंपणापलीकडे छातीपर्यंत पँट ओढून गुलाबांना पाणी घालणारा हा म्हातारा बघून म्हणाली, "अगं, हे तर हुबेहूब आमचे अप्पा!" तिचे थोरले दीर असेच दिसायचे म्हणे. झालं, तेव्हापासून सगळ्यांचेच ते अप्पा. आई कुंपणावरून त्यांच्याशी खुशाल मराठीत बोलायची, ते इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं पाऊण तास छान चालायचं. मी मध्ये पडले की दोघंही नाराज व्हायची.

केतकी सायकल शिकत होती तेव्हाची गोष्ट. माझा नवरा सुधीर सीटला धरून तिच्यामागे धापा टाकत पळत होता. तो हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल द्यायचा. स्वतः मात्र पोरीच्या बाबतीत भलताच भित्रा. अप्पा फाटकात उभे होते. "डॉक्टर, लेट गो," ते म्हणाले.

"पडेल ती!"

"मग ते पडणं तरी तिचं असेल. लेट हर होल आउट."

सुधीरनं हात सोडला, केतकी पडली, हनुवटीला टाके पडले. सुधीर आठवडाभर अप्पांशी बोलला नाही. केतकी मात्र शाळेत सगळ्यांना टाके दाखवत हिंडली आणि पुढच्या रविवारी एकटी सायकल चालवायला लागली. 'होल आउट' म्हणजे काय हे मी नंतर विचारलं. गोल्फमध्ये शेवटी चेंडू काठीनं हलकेच ढकलून खळग्यात घालायचा असतो. तो आपल्याच हातानं, थेट आत पडेपर्यंत खेळायचा, म्हणजे होल आउट. "शेवटचं ढकलणं ज्याचं त्यानं करावं," अप्पा म्हणाले, आणि विषय बंद केला.

अप्पा गोल्फ खेळायचे म्हणजे आपल्याकडचे डॉक्टर शनिवारी मोठ्या छत्र्या घेऊन जातात तसं नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांचं नाव पेपरात यायचं. बियाणांचा घरचा धंदा होता, पोटाची काळजी नव्हती. पैशासाठी खेळायचं नाही, हौसेनं खेळायचं आणि तरी जीव तोडून खेळायचं, अशा लोकांतले ते. जिल्ह्याचे कप त्यांनी किती जिंकले त्याची त्यांनाच गणती नव्हती. एका चांदीच्या कपात कपड्यांचे चिमटे असायचे, एकात मांजराचं दूध. मी एकदा तो मांजराचा कप घासून लख्ख करून दिला, तर मांजर त्यात तोंड घालेना.

खोटं त्यांना बोलताच यायचं नाही. इंग्रजांचं एरवी सगळं 'लव्हली' असतं. मी केलेला पहिला ढोकळा विटेसारखा झाला होता तरी समोरच्या बाईनं 'लव्हली' म्हणून खाल्ला. अप्पांनी एक तुकडा तोंडात टाकला, शांतपणे गिळला आणि म्हणाले, "नाही." आईच्या शंकरपाळ्यांनाही तेच. आईला राग आला नाही. ती म्हणाली, "बरा आहे माणूस. घरी असतो ना, तसा आहे." खेळातही तसेच. एका सामन्यात गवतात त्यांचा चेंडू धक्का लागून केसभर हलला, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि यांनी आपणहून हात वर करून सांगितलं. त्या एका फटक्याच्या दंडानं सामना गेला. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" तर म्हणाले, "वाटलं ना. फार वाटलं. पण हलला होता."

असा हा सरळ रेषेतला माणूस संध्याकाळी एक चमत्कारिक गोष्ट करायचा.

घरामागच्या हिरवळीचा एक गोल तुकडा त्यांनी गालिच्यासारखा कापून ठेवला होता आणि मध्यभागी खळगा केलेला होता. ऊन उतरलं की ते टोपी काढून बाहेर यायचे, खळग्यापासून दोन हातांवर एक चेंडू ठेवायचे आणि बाजूला होऊन उभे राहायचे. काठी हातात नसायचीच. अंधारून आलं की चेंडू उचलून आत जायचे. पावसाची भुरभुर असली तरी चुकायचं नाही. मी सुधीरला म्हटलं, "डिमेन्शियाची सुरुवात तर नसेल?" तो म्हणाला, "छे! काल मला सगळ्या कॅबिनेटची नावं म्हणून दाखवली, वर प्रत्येकाला एकेक शिवी. ही इज परफेक्टली फाइन."

आईनं मात्र दोन संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "ते एकटे नसतात तिथं."

"आई, काहीतरीच काय!"

"तूच बघ की. एकटा माणूस असा सरकून उभा राहतो का? दुसऱ्याला जागा करून दिल्यासारखे उभे आहेत ते."

मी बघितलं. तोवर कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण आईनं म्हटल्यावर दिसलं. ते खळग्याकडे बघतच नव्हते. चेंडूच्या अलीकडे, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर बघत होते.

आई स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं बशीत थालीपीठ घेतलं, मला ओढत फाटकातून आत नेलं आणि म्हणाली, "विचार त्यांना, कोण येतं म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या देशात शेजाऱ्याला पगार विचारत नाहीत, वय विचारत नाहीत, आणि मी विचारायचं, तुमच्याकडे भूत येतं का? मी आडवळणानं, चार 'सॉरी' घालून विचारलं. अप्पांना जराही आश्चर्य वाटलं नाही. थालीपीठाचा तुकडा मोडत म्हणाले, "कॅप्टन येतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. युद्ध संपून काही वर्षं झाली होती. उत्तरेकडे समुद्रकाठी मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. समोर हा कॅप्टन, युद्धावरून परतलेला. एक डोळा फ्रान्समध्येच राहिलेला, त्या जागी काचेचा. एका डोळ्याच्या माणसाला लांबचं ठीक जमतं, पण जवळच्या अंतराचा अंदाज चुकतो. त्यामुळे दोन-तीनशे यार्डांचा फटका तो झोकात मारायचा आणि दोन हातांवरच्या चेंडूला घाबरायचा. अप्पा युद्धावर गेलेच नव्हते. छातीत दोष म्हणून त्यांना घेतलं नव्हतं, आणि तो दोष बाहेरून दिसत नसल्यामुळे एका बाईनं भर ट्रॅममध्ये त्यांच्या कोटाला पांढरं पीस खोचलं होतं. लढायला न जाणाऱ्या भेकडांना तेव्हा तशी पिसं देत. ते पीस आपण तिथं काढलंही नाही, घरी येईपर्यंत तसंच राहू दिलं, असं अप्पा म्हणाले.

सामना शेवटच्या खळग्यापर्यंत बरोबरीत आला. अप्पांचं खेळून झालं होतं. कॅप्टनचा चेंडू खळग्यापासून दोन हातांवर. गेला तर जिंकला, चुकला तर सामना पुढे चालू. आदल्या तीन-चार खळग्यांवर त्यानं असलेच सोपे चेंडू चुकवले होते. डावीकडून वारा होता, लोक श्वास रोखून उभे होते. कॅप्टन कितीतरी वेळ चेंडूकडे बघत राहिला, आणि त्याच्या हातातली काठी थरथरताना अप्पांना दिसली. अप्पा पुढे झाले, वाकले, त्याचा चेंडू उचलला आणि त्याच्या हातात दिला.

या खेळात तशी रीत आहे. समोरच्याचा चेंडू नक्की जाणार असं वाटलं तर 'दिला' म्हणून टाकतात. बोटभर अंतर असलं की देतात. सामन्याचा निकाल लावणारा, दोन हातांवरचा, तोही चाचरणाऱ्या माणसाला कुणी देत नाही. आणि नियम असा की, दिलेला नाकारता येत नाही. दिला की दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कप कॅप्टनला मिळाला.

"कपडे बदलायच्या खोलीत तो एकच वाक्य बोलला," अप्पा म्हणाले. "यू माइट हॅव लेट मी मिस इट. मला चुकू तरी द्यायचं होतं."

कॅप्टन पुन्हा कुठल्याच स्पर्धेत उतरला नाही. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. आठ-दहा वर्षांनी तो गेल्याचं अप्पांनी पेपरात वाचलं, आणि त्याच हंगामात, एका साध्या सामन्यात, आपला स्वतःचा दोन हातांवरचा चेंडू मारायला वाकले असताना त्यांना चेंडूपलीकडे त्याचे बूट दिसले. त्यानंतर जवळचा चेंडू आला की यांचे हात कापायला लागायचे. दोन हंगामांत त्यांचं खेळणं संपलं. लोक म्हणाले, धार गेली. यांनी घरामागे खळगा खणला आणि रोज त्याचा चेंडू त्याच्यासाठी ठेवायला लागले. "तो येतो. माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. पण खेळत नाही."

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. मला वाटलं, ती चुकचुकेल. ती चटकन म्हणाली, "म्हणजे कावळा शिवत नाहीये." आणि मग मला म्हणाली, "सांग त्यांना." पुण्यातही कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं ते मी मेडनहेडच्या हिरवळीवर उभी राहून सांगितलं. दहाव्याला पिंड ठेवतात. गेलेल्याचं मन कुठं अडकलेलं असलं तर कावळा शिवत नाही, नुसता फांदीवर बसून राहतो. मग घरातलं कुणीतरी पुढे होऊन मोठ्यानं म्हणतं, 'तुझं राहिलेलं मी बघीन.' योग्य तेच बोललं गेलं, की कावळा शिवतो.

अप्पांनी फार लक्ष देऊन ऐकलं. "आणि चुकीचं वचन दिलं तर?"

"बसून राहतो," आई म्हणाली. हे त्यांना भाषांतराशिवाय कळलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी अप्पांना नव्वद पूर्ण झाली. आई तोवर पुण्यात गुडघ्यांनी अडकून पडली होती. गावातल्या पेपरानं अप्पांचा फोटो छापला, खाली जुन्या कपांची हकीकत. पंधरवड्यानं ते माझ्याकडे आले, टोपी हातात चुरगाळत. कॅप्टनच्या मुलीचा फोन आला होता. ती शनिवारी चहाला येणार होती. "तुम्ही बसा माझ्याजवळ," ते म्हणाले. आजवर त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मार्गरेट पासष्टीची, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, बोलकी बाई. बसल्या बसल्या वडिलांविषयी सांगायला लागली. ती जेमतेम दहा वर्षांची असताना ते गेले. पण दर ख्रिसमसला, जेवणं झाल्यावर, ते गालिच्यावर एक अक्रोड ठेवायचे, दोन हातांवर आपली सपात ठेवायचे आणि छत्रीच्या टोकानं तो शेवटचा चेंडू पुन्हा खेळून दाखवायचे. डावीकडून वारा, सगळे चिडीचूप, एकच डोळा. 'आणि मी हलकेच ढकलला, आणि तो गेला!' अक्रोड सपातीत पडायचा, पोरं टाळ्या पिटायची.

मी अप्पांकडे बघितलं नाही.

"त्यांचा आवाज मला तेवढाच आठवतो," मार्गरेट म्हणाली. "बाकी काही नाही. आणि आता माझा भाऊ म्हणतो, हे खरं नव्हतंच. त्याला कुणा म्हाताऱ्यानं क्लबात सांगितलं की तो चेंडू वडिलांना देऊन टाकला होता. दया म्हणून. डॅडनी आमच्यासाठी रचलेली गोष्ट ती. मी त्याला म्हटलं, तिथं उभा असलेला एक माणूस अजून जिवंत आहे. त्यालाच विचारते." ती पुढे सरकली. "तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. खरं सांगा. त्यांनी तो चेंडू घातला होता का?"

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मी हा माणूस दहा वर्षं ओळखत होते. ढोकळ्याला 'नाही' म्हणणारा, केसभर हललेल्या चेंडूसाठी हात वर करणारा माणूस. मला वाटलं, आता ते 'नाही' म्हणतील, आणि ही बाई आपल्या बापाचा आवाज इथं ठेवून परत जाईल.

"वारा होता," अप्पा म्हणाले. "डावीकडून. तुमचे वडील बराच वेळ उभे राहिले." मग ते खिडकीकडून तिच्याकडे वळले. "मग ते वाकले. अगदी मध्यभागी गेला. आत पडल्याचा आवाज ऐकला मी."

मार्गरेट त्यांच्या दोन्ही हातांवर डोकं टेकवून रडली. अप्पांनी तिला रडू दिलं.

ती गेल्यावर मी कप धुवायला घेतले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. ते तसेच खुर्चीत बसून म्हणाले, "मी पुन्हा दिला त्याला. याही वेळी विचारलं नाही." मग म्हणाले, "तुमच्या आईला विचारा, हे योग्य वचन झालं का."

आठवडा गेला. मी कुंपणाशी उभी राहून विचारलं, "येतात का अजून?"

"येतो. पण पूर्वी पाठ असायची. आता माझ्याकडे वळून उभा राहतो. बघतो."

"रागावलेत?"

"कळत नाही," अप्पा म्हणाले. "काचेच्या डोळ्यामुळे त्याच्या तोंडावरून कधीच काही कळायचं नाही."

मी पुण्याला फोन करून आईला सांगितलं. तिनं ते मला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. ट्रंककॉलच्या सवयीनं एरवी ती घाईघाईनं बोलायची. शेवटी म्हणाली, "बघतोय ना? मग बघू दे. त्यांना म्हणावं, नजर चुकवू नका." मी तसं सांगितलं. अप्पांनी चुकवली नाही. हिवाळा लागेपर्यंत ते रोज बाहेर येत राहिले, आणि जानेवारीत सुधीरच्याच हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियानं गेले. शेवटच्या दिवशी पाणी पाजायला मी चमचा पुढे केला, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. निम्मं पाणी सांडलं. मी मदत केली नाही.

अंत्यसंस्काराला वीसएक माणसं असतील. मार्गरेट आली होती, बरोबर तिचा भाऊ. तिनं सगळ्यांसमोर उभं राहून ती गोष्ट सांगितली: वारा, शांतता, आत पडल्याचा आवाज, आणि नव्वद वर्षांच्या एका सच्च्या माणसानं दिलेली ग्वाही. नंतर शेजारच्या हॉलमध्ये सँडविच आणि चहा होता. भाऊ कप घेऊन माझ्यापाशी आला. सत्तरीला टेकलेला, ताठ, कोरडा माणूस.

"ते बोलले तेव्हा तुम्ही तिथं होता म्हणे. माझी बहीण तिला हवं ते ऐकते, म्हणून विचारतो." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही त्यांच्या शेजारी राहत होता. त्यांनी तुम्हाला कधी याहून वेगळं काही सांगितलं होतं?"

हॉलच्या दुसऱ्या टोकाला मार्गरेट पाद्रीबाबांना हातवारे करून ते ढकलणं दाखवत होती. मला वाटलं होतं, असली गोष्ट बोलायला जड जात असेल. जीभ जराही अडखळली नाही.

"नाही," मी म्हटलं. "मला हेच सांगितलं होतं. मध्यभागी गेला म्हणून."

त्यानं कप खाली ठेवला, मला पाठमोरा झाला, आणि त्याचे खांदे गदगदताना मला दिसले. तो हे खोटं ठरावं म्हणून विचारत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

घरी आले तर बाहेर अजून चांगला उजेड होता. कोटही न काढता मी मागच्या खोलीत गेले, कुंपणापलीकडच्या अप्पांच्या हिरवळीकडे न बघता पडदे ओढून घेतले, आणि सुधीर येईपर्यंत तिथंच उभी राहिले.